प्रायमरी आणि गिअरबॉक्स: एकच ऑइल की दोन वेगळी?

इंजिन, प्रायमरी (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी साखळी आणि क्लच असलेला खण) आणि गिअरबॉक्स असे ऑइलचे तीन वेगळे खण असलेली हार्लेसारखी मोटरसायकल ज्यांच्याकडे आहे, त्यांना ऑइल बदलायची वेळ आली की हा प्रश्न पडतोच. हार्लेच्याच स्पोर्टस्टर मॉडेलवाल्यांची यातून सुटका आहे. तिथे प्रायमरी आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे क्लचला जे मानवेल त्यावरच गिअरनाही भागवावं लागतं. मी दोन्ही करून पाहिलंय. आधी चार वर्षं तिन्ही खणांत एकच २०डब्ल्यू-५० नंबरचं इंजिन ऑइल आणि गेली तीन वर्षं तीन वेगळी ऑइलं.

एकाच ऑइलची बाजू लंगडी नाही, हे आधी सांगतो. हार्ले-डेव्हिडसन आपलं २०डब्ल्यू-५० सिंथेटिक बिग ट्विनच्या (तिच्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या) तिन्ही खणांत चालतं असं स्वतःच सांगते. चुकीच्या खणात चुकीचं ऑइल जायची भीती नाही, लांबच्या प्रवासात एकच बाटली सोबत ठेवली की झालं. ‘गिअरला ९० नंबर लागतो, ५० पातळ पडेल’ हा आक्षेप मात्र मला पटत नाही. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांचे नंबर वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. खरा फरक त्यातल्या रसायनांचा आहे. दातावर दात दाबला जातो तेव्हा गिअर ऑइलमधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं धातूवर संरक्षक थर धरतात.

मग मी बदललं का? न्यूट्रलमुळे.

सकाळी थंड गाडीला पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज यायचा आणि क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी बोटभर पुढे सरकायची. तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण सिग्नलला थांबलं की न्यूट्रल सापडायचाच नाही. पाय वर नेला की दुसरा, खाली दाबला की पहिला, आणि तोवर डावा हात क्लच धरून भरून आलेला. इंजिन बंद केलं की तोच न्यूट्रल अलगद लागायचा! म्हणजे दोष गिअरमध्ये नव्हता, क्लच पुरता सोडत नव्हता. क्लच केबलचा फ्री प्ले (ढिलेपणा) दोनदा तपासला, क्लचचं ॲडजस्टमेंट नव्याने केलं. फरक पडला, पण थोडाच.

ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये फिरणाऱ्या क्लचच्या प्लेटा एकमेकींना जवळजवळ चिकटूनच फिरतात. मधलं ऑइल घट्ट असेल तर क्लच दाबल्यावरही एक प्लेट दुसरीला ओढत राहते. प्रायमरीत मी क्लचसाठीच बनवलेलं पातळ ऑइल भरलं आणि दुसऱ्याच दिवशी न्यूट्रल पायाच्या अंगठ्याच्या टोकाने लागला. मी काही मोजमाप केलेलं नाही आणि तुमच्या गाडीत कारण वेगळंही असू शकेल. पण तीन वर्षांत ती कटकट परत आलेली नाही, आणि क्लच घसरलाही नाही.

पातळ म्हणजे कुठलंही पातळ नव्हे. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं ऑइल प्रायमरीत गेलं की क्लच घसरू लागतो. म्हणून इंजिन ऑइल भरणार असाल तर डब्यावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए-२ दर्जा पाहा, एमबी (कमी घर्षणाचं) नको. काही जुने रायडर टाइप-एफ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) टाकतात आणि त्यांचं छान चाललेलं असतं. मी ते धाडस केलं नाही.

गिअरबॉक्समध्ये आता ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल आहे. गिअर पडतानाचा आवाज मला मऊ वाटतो. हा कानाचा भरवसा आहे, त्याला फार वजन देऊ नका. जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑइलचा) दर्जाचं घेणार असाल आणि गाडी जुनी असेल, तर आत ब्राँझचे बुश आहेत का ते आधी बघा. गंधकाची तीव्र द्रव्यं पिवळ्या धातूंना खातात. आणि हे गिअर ऑइल प्रायमरीत कधीच नको.

प्रायमरी आणि गिअरबॉक्स दोन्हींसाठी मिळणारं सामाईक ऑइल हा मधला मार्ग आहे. तो वाईट नाही, ज्यांना न्यूट्रलचा त्रासच नाही त्यांनी खुशाल घ्यावं. पण दोन्ही खण दर वेळी एकत्र रिकामे करायचे नसतातच. हार्लेच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांना प्रायमरीसाठी सुमारे १६,००० आणि गिअरबॉक्ससाठी ३२,००० किलोमीटरचा हिशोब दिलेला असतो. बाटल्या वेगळ्या घ्यायच्याच, तर आतलं ऑइलही वेगळं असायला काय हरकत आहे?

वेगळ्या ऑइलचा एक फायदा मला नंतर कळला. गाडीखाली थेंब दिसला की बोटावर घेऊन वास घ्यायचा. गंधकाचा उग्र दर्प आला तर गळती गिअरबॉक्सची.

प्रायमरी भरताना गाडी सरळ उभी करा, साइड स्टँडवर नको. ऑइलची पातळी क्लचच्या डायफ्राम स्प्रिंगच्या (प्लेटा दाबून धरणाऱ्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) खालच्या कडेला टेकली की थांबा. त्याच्या वर गेलात तर पातळ ऑइलसुद्धा प्लेटा ओढू लागतं आणि न्यूट्रल पुन्हा लपतो.