सात महिन्यांनंतर: आयरिश मालडब्याच्या मॉडेलचं रेझिन किट. बॉडी घ्या, चासी घेऊ नका

मागच्या शनिवारी बदली म्हणून आलेली चासी (डब्याचा चाकं धरणारा खालचा सांगाडा) जोडून पूर्ण केली, आरशावर ठेवली, मागच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि तोच आवाज आला. टिक. ही तिसरी चासी, आणि तिन्हींचा तोच कोपरा. सात महिने झालेत, दोन वाघिणी, म्हणजे मालडबे, बांधून झाल्यात, विक्रेत्याशी पाच आठवडे ईमेलवर भांडून झालंय. आता सविस्तर लिहिते, म्हणजे माझ्यासारखं नव्याने कोणी यात पडणार असेल तर त्याचे पैसे वाचतील.

किट म्हणजे सीआयईचा, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीचा, चारचाकी बंद मालडबा. 4 मिमी स्केल (खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये 4 मिमी), रेझिनचं कास्टिंग, सोबत चासी, बेअरिंग आणि कपलिंग. चाकं वेगळी घ्यावी लागतात. किंमत 28 युरो, त्यावर टपाल. पाकिटावर ‘नवशिक्यांसाठी योग्य’ असं छापलंय, आणि मी त्या एका ओळीवर विसंबून घेतलं. विक्रेता छोटा आहे, नाव लिहीत नाही.

मी लिमरिकला राहते. इथे रेल्वेचा वाघिणी दुरुस्त करायचा कारखाना आहे, आणि माझे बाबा दौंडला टीएक्सआरच्या (डबे तपासणाऱ्या ट्रेन एक्झामिनरच्या) हाताखाली पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेले. लहानपणी ‘वाघीण सिक मार्क केली’, म्हणजे नादुरुस्त ठरवून बाजूला काढली, हे वाक्य मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की मला ती खरी वाघीण आजारी पडल्यासारखी वाटायची. तेव्हा इंजिनांपेक्षा मालडब्यांकडे ओढा असणं माझ्यासाठी साहजिक होतं. तयार मॉडेल्स आयरिश गाड्यांची आता चांगली मिळतात, पण मला एक-दोन नाही, दहा-बारा डब्यांची मालगाडी हवी आहे, आणि तेवढे तयार डबे घेणं मला परवडत नाही. म्हणून किट.

पहिल्या दोन महिन्यांत मी या किटवर खूश होते, हे आधी कबूल करायला हवं. बॉडी सुरेख आहे. दाराच्या बिजागऱ्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या, छताची कड, सगळं काटेकोर. रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे जवळजवळ नाहीत, एकच मिळाला, तो पुटीने बुजवला. रंगाच्या बाबतीत एक सूचना: तुम्ही आधी ब्रिटिश डबे बांधले असतील तर खालची चासी सवयीने काळी रंगवाल. सीआयईचे करड्या रंगाचे डबे खालपर्यंत करडेच असत, चासीसकट. मी पहिला डबा काळ्या चासीचा केला आणि नंतर पुन्हा रंगवला. त्यावर ती पांढरी ‘उडती गोगलगाय’, म्हणजे सीआयईचं जुनं बोधचिन्ह, ट्रान्सफरने, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्राने, लावायची. आधी ग्लॉस वार्निशचा हात, मग ट्रान्सफर, मग मॅट वार्निश. ग्लॉस न देता लावली तर खाली हवा अडकते आणि भोवती चंदेरी कडा दिसते.

तर, दोन महिने छान. मग मी ती गाडीला जोडली.

तीन ब्रिटिश डब्यांच्या मध्ये ही एक आयरिश वाघीण. सरळ रुळावर काही नाही. डावीकडच्या सांध्यावर (जिथे एका रुळातून दुसरा फुटतो) मात्र दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला उतरायची. पुढून ओढली तरी, मागून ढकलली तरी. मी आधी सांध्यालाच दोष दिला, तो उखडून परत बसवला. मग चाकांना. चाकांमधलं अंतर मोजलं, 14.5 मिमी, बरोबर. मग वजनाला. दर ॲक्सलला साधारण 25 ग्रॅम असावं असा मॉडेलवाल्यांचा अंदाज आहे, म्हणजे चारचाकीला 50. माझी भरली 44. शिशाचे छर्रे टाकून 52 केली. (शिसं पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका, काही महिन्यांनी फुगतं आणि डब्याच्या भिंती फोडतं. अराल्डाइट वापरा.) वाघीण जड झाली आणि तरी उतरायचीच.

व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, “अगं, रूळ बाजूला ठेव. काचेवर ठेव आणि कोपरे दाबून बघ.” बाथरूममधला छोटा आरसा आणला. तीन कोपरे घट्ट, चौथा दाबला की टिक करून खाली जातो. बाबांना फोनवरूनसुद्धा तो आवाज ऐकू गेला. “झालं,” म्हणाले, “तीन चाकांवर चाललीय ती.”

मग चाकाखाली साध्या कागदाचे तुकडे सरकवले. एक गेला, दोन गेले, चार गेले, पाचवा अडला. साध्या झेरॉक्स कागदाची जाडी साधारण 0.1 मिमी, म्हणजे चौथं चाक 0.4 मिमी हवेत. ऐकायला काहीच नाही वाटत. पण या चाकांची फ्लँजच पाऊण मिमीच्या आतली असते. म्हणजे त्या चाकाला रुळात धरून ठेवणारी कड अर्ध्याहून जास्त वर उचललेली. सांध्यावर जिथे रूळ तुटतो आणि चाकाला बाजूचा धक्का बसतो, तिथे ते चढणारच. यासाठी मी सांधा उखडला होता, याचा मला आजही राग येतो.

सुरुवातीला मला वाटलं चूक माझी. रेझिन मी घासलं होतं (मास्क घालून, पाण्याखाली, ती धूळ श्वासात जाऊ देऊ नका), कदाचित जास्त घासलं असेल. कदाचित बेअरिंगची भोकं 2 मिमीच्या ड्रिलने वाकडी पाडली असतील. म्हणून दुसरं किट घेतलं, आणखी 28 युरो. यावेळी जोडण्याआधीच चासी सपाट काचेवर ठेवून बेअरिंगच्या खुणांची उंची चारही बाजूंनी मोजली. मागची डावी 0.4 मिमी वर. मी अजून ड्रिलला हातही लावला नव्हता. म्हणजे दोष साच्यात आहे.

विक्रेत्याला फोटो पाठवले, मापं पाठवली. उत्तर आलं की ही किट्स अनुभवी लोकांसाठी आहेत आणि जुळवणीची जबाबदारी ग्राहकाची. पाकिटावरच्या ओळीचा फोटो पाठवला. दोन आठवडे उत्तर नाही. मग पैसे परत मागितले. मग ‘बदली चासी पाठवतो’ असं आलं, आणि टपालाचे पैसे माझ्याकडून मागितले. मी दिले, कारण मला खात्री करून घ्यायची होती. तीच ती तिसरी चासी, जिच्यापासून हे लिहायला सुरुवात केली. माणसाने ‘साचा बिघडलाय, दुरुस्त करतो’ एवढं म्हटलं असतं तर मी एक शब्द तक्रारीचा लिहिला नसता. लहान विक्रेत्याकडून चूक होते, ते समजतं. ग्राहकाला चुकीचं ठरवणं समजत नाही.

आता उपाय. मी दोन केले, दोन्ही चालतात, आणि तुम्ही दुसऱ्या उपायापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

पहिला उपाय बाबांनी सुचवला. “चार पाय डुगडुगतात, तिपाई नाही डुगडुगत. एक ॲक्सल मोकळा सोड.” मॉडेलवाले यालाच कॉम्पेन्सेशन म्हणतात. मागच्या ॲक्सलची दोन्ही बाजूंची गार्डं, म्हणजे ॲक्सल धरणारे भाग, चासीपासून बारीक करवतीने कापून काढली. ती दोन्ही प्लॅस्टिकच्या एका आडव्या पट्टीवर चिकटवली. पट्टीच्या बरोबर मध्यावर, डब्याच्या लांबीच्या दिशेने 1 मिमीची पितळी तार, आणि त्या तारेवर पट्टी डावी-उजवी झुलते, तराजूच्या दांडीसारखी. पुढचा ॲक्सल पक्काच ठेवायचा. आता मागचं डावं चाक खाली बसायला मोकळं आहे. साच्यातला दोष तसाच आहे, पण वाघिणीला त्याचं काही वाटत नाही. काम तीन संध्याकाळींचं, आणि ते झाल्यापासून वाघीण त्या सांध्यावर एकदाही उतरलेली नाही. आरशावर कोपरा दाबला तर आता काहीच ऐकू येत नाही. ती शांतता ऐकायला मी अजूनही अधूनमधून दाबून बघते.

दुसरा उपाय स्वस्त. दुसऱ्या किटची चासी बाजूला ठेवली आणि साध्या प्लॅस्टिकच्या ब्रिटिश मालडब्याचं किट 11 युरोला घेतलं, फक्त चासीसाठी. व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) 10 फुटांचा, म्हणजे 40 मिमी, माझ्या रेझिनच्या डब्याइतकाच. साच्यात दाबाने भरून केलेलं प्लॅस्टिक, काचेवर ठेवलं तर हालचाल नाही. पण हे बघा: ब्रिटिश किटमध्ये व्हॅक्यूम ब्रेकचा सिलिंडर आणि नळ्या दिलेल्या असतात. त्या काळातल्या सीआयईच्या बहुतेक साध्या मालडब्यांना व्हॅक्यूम ब्रेकच नव्हता, फक्त बाजूचा हातब्रेक. त्यामुळे सिलिंडर लावायचाच नाही, नळ्या लावायच्या नाहीत, लांब लिव्हर ठेवायचा. अशा डब्यांना गाडी चालू असताना स्वतःचा ब्रेक नसतो, साखळीच्या कड्या तेवढ्या एकमेकींत अडकवलेल्या. बाबांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: “मग शेवटी गार्डाची ब्रेकव्हॅन जोडलीस का?” जोडली नव्हती. ती आता यादीत आहे. आयर्लंडमध्ये अशा कड्यांच्या मालगाड्या 1970च्या दशकातही धावत होत्या, आणि शेपटीला ब्रेकव्हॅन नसेल तर माझी गाडी बघणाऱ्या जाणकाराला ती उघडीच दिसेल.

ब्रिटिश किटची उरलेली बॉडी वाया घालवली नाही. चाकांशिवाय जमिनीवर ठेवून यार्डातली कोठी केली. अकरा युरोत चासीही आली आणि खोलीही.

रुळांच्या रुंदीबद्दल थोडं, कारण त्यावर मला नेहमी विचारलं जातं. आयरिश गेज 5 फूट 3 इंच, 1600 मिमी. आपली ब्रॉडगेज 1676, म्हणजे तीनच इंच जास्त. 4 मिमी स्केलला आयरिश रूळ 21 मिमी यायला हवा, आणि आपण तो डबा 16.5 मिमीच्या तयार ट्रॅकवर चालवतो, म्हणजे प्रत्यक्षात 4 फूट दीड इंच. दौंडच्या यार्डात खेळलेल्या माझ्या डोळ्यांना समोरून ही वाघीण पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. या गेजची गोष्टच मोठी आहे. 1834 साली डब्लिन ते किंग्सटाउन पहिली लाइन झाली ती 4 फूट साडेआठ इंचांची. अल्स्टर रेल्वेने 6 फूट 2 इंच घेतले, द्रोहेडाच्या लाइनने 5 फूट 2. शेवटी 1843 मध्ये जनरल पॅस्ली यांच्याकडे निवाडा गेला आणि 5 फूट 3 ठरलं. पहिली लाइन 1857 मध्ये उखडून रुंद केली. खरी रेल्वे एवढी धडपडली, तर मीही 21 मिमी करावं असं कधी कधी वाटतं. पण त्यासाठी प्रत्येक सांधा हाताने बांधावा लागतो, ॲक्सल लांब लागतात, आणि चाकं टेकवायला मला सात महिने लागलेत. सध्या 16.5 वरच.

उन्हाबद्दल तक्रार नाही, फक्त सूचना. जुलैमध्ये एक बॉडी खिडकीच्या काचेजवळ राहिली आणि लांब बाजू केळ्यासारखी वाकली. गरम पाण्यात (उकळतं नको, हात घालवणार नाही इतपत) दोन मिनिटं बुडवून सपाट लाकडावर दाबून ठेवली, सरळ झाली. कोपरे फेविक्विकसारख्या गोंदाने जोडले होते, ते सुटले. त्यानंतर सगळे कोपरे अराल्डाइटने.

हिशेब: दोन किट 56 युरो, टपाल वेगळं, बदलीचं टपाल वेगळं, ब्रिटिश चासी 11, चाकं 8. परवा त्याच विक्रेत्याला लिहिलं की चासीशिवाय नुसती बॉडी द्याल का. लगेच हो म्हणाला, 17 युरोला. चार मागवल्या आहेत. इतक्या भांडणानंतर परत त्याच्याकडेच का, असं घरी विचारलं गेलं. कारण बॉडी खरोखर चांगली आहे, आणि तशी दुसरीकडे मला दिसली नाही. चासीला पाचपैकी एक, बॉडीला साडेचार, उत्तर देण्याच्या पद्धतीला शून्य.

उरलेल्या दोन्ही वाकड्या चासी टाकून दिल्या नाहीत. यार्डाच्या टोकाला एक आंधळा रूळ आहे, तिथे त्या गंज रंगवून उभ्या केल्यात, शेजारी जॅक आणि लाकडाचे ठोकळे. बाबांनी त्या रुळाला सिक लाइन नाव दिलंय, आणि दर रविवारी कॉल लागला की आधी तिकडे कॅमेरा फिरवायला सांगतात.