सिव्हिल लाइन्समधील क्राफ्ट मेळा: एक अभिप्राय

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हे देशातील ७ क्षेत्रीय केंद्रांपैकी एक असून, तेथे भरणारा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा मला विदर्भातील रसिकांसाठी फार मोलाचा उपक्रम वाटतो. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी जडवून बिदरच्या किल्ल्यातील मातीने पृष्ठभाग काळा करतात, तर बस्तरच्या ढोकरा मूर्तीचा (मेणाच्या नमुन्यावरून ओतलेल्या धातूच्या मूर्तीचा) साचा फोडूनच ती बाहेर काढावी लागत असल्याने तिची हुबेहूब दुसरी प्रत निघत नाही. हे सारे मेळ्यात कारागिरांकडूनच समजून घेता यावे, ही पर्वणीच आहे. (त्यांच्याशी घासाघीस मात्र करू नये.) लोकनृत्येही अवश्य पाहावीत. आगामी मेळ्यात या कलांवर अभ्यासकांची व्याख्याने आणि माहितीपटही असावेत, अशी मनापासून अपेक्षा आहे.