मुलाखतीच्या स्टुडिओसाठी माइक: डायनॅमिक, कंडेन्सर की कॉलर माइक?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे संस्थेच्या एखाद्या साध्या खोलीत रेडिओ मुलाखतींची सोय करायची असेल, तर माइकची किंमत विचारण्याआधी त्या खोलीत एक टाळी वाजवून पाहावी. ती घुमली, किंवा वर पत्रा असून पावसाळ्यात तो तडतडत असेल, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

कंडेन्सर माइक आवाजातले बारकावे सुरेख टिपतो, पण तितक्याच निष्ठेने पंखा, रस्ता आणि पाऊसही टिपतो. शिवाय त्याला मिक्सरकडून, म्हणजे माइकचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणाऱ्या यंत्राकडून, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागते. दोघांच्या मधोमध एकच कंडेन्सर ठेवणे स्वस्त पडते खरे, मात्र पाहुणा हळू बोलला तर त्याचा आवाज वेगळा वाढवता येत नाही. भिंतींना चांगले आच्छादन नसेल, तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

प्रत्येकाला स्वतंत्र डायनॅमिक माइक (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील, फँटम पॉवर न लागणारा) देणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण तो तोंडाजवळ ठेवता येतो आणि त्यामुळे खोलीचा आवाज आपोआप मागे पडतो. १९६६ पासून वापरात असलेला शूअर एसएम५८ नव्या केंद्राला पुरेसा आहे. त्याच कंपनीचा एसएम७बी अधिक भारदस्त वाटतो, पण त्याला सुमारे ६० डेसिबल गेन (मिक्सरने आवाज वाढवण्याचे प्रमाण) लागतो आणि साध्या मिक्सरवर तेवढा गेन दिला की सुरसुर ऐकू येऊ लागते, हे खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

खरी कसोटी पाहुण्याच्या मानेची असते. वयस्कर शेतकरी उत्तर देताना माइककडे नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्याकडे वळतो आणि त्याचे अर्धे वाक्य बाजूला निसटते. म्हणून माइक दोघांच्या नजरेच्या रेषेलगत, तोंडापासून पाच-सहा बोटांवर आणि ओठांच्या कोपऱ्याशी किंचित तिरका ठेवावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना सुटणारा श्वास थेट त्यावर आदळत नाही. दोन माइकमधले अंतर तोंड ते माइक या अंतराच्या किमान तिप्पट असावे.

कपड्याला अडकवायचा छोटा कॉलर माइक लावला की बुजणारी व्यक्ती मोकळी होते. परंतु पदर आणि मंगळसूत्र त्यावर घासते, आणि बहुतेक कॉलर माइक सर्व दिशांचे ऐकत असल्यामुळे खोलीचा घुमारा पुन्हा आत येतो. स्टुडिओबाहेर, शेताच्या बांधावर, तो उपयोगी आहे.

पैसे मोजकेच असतील, तर दोन एसएम५८, माइक धरून ठेवणारे दोन आर्म आणि माइकवर चढवायची फोमची टोपरी घ्यावीत, आणि उरलेल्या रकमेतून जाड पडदे व जुनी घोंगडी पाहुण्याच्या समोरच्या भिंतीवर आधी लावावीत.