फ्लेक्सवरचे बावन्न क्विंटल

सिल्लोड-फुलंब्री पट्ट्यात एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या शटरशेजारी तुम्ही तो फ्लेक्स पाहिला असेल. डोक्यावर टोपी, अंगात कंपनीने दिलेला पिवळा टी-शर्ट, दोन्ही हातांत मक्याची जाड कणसं आणि खाली लाल अक्षरांत 'एकरी ५२ क्विंटल'. तो फोटोतला माणूस मी. कणसं माझ्याच वावरातली. बावन्न क्विंटल मात्र माझ्या वावरात आजवर कधी निघालेले नाहीत, त्या वर्षीही नाहीत. हे मी चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा मलाही ते खरं वाटत होतं.

मे २०२२ मध्ये एक तरुण प्रतिनिधी मोटारसायकलवर घरी आला. कृषी पदवीधर, बोलायला गोड, दुसऱ्या वाक्याला 'काका'. त्याचं म्हणणं साधं होतं. तुमच्या वावरात आमचं नवं मक्याचं वाण आणि तुम्ही नेहमी लावता ते वाण शेजारी शेजारी लावू, पाच-पाच गुंठे. बियाणं आमचं, खत निम्मं आमचं, मका तुमचा. "कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका काका, डोळ्यांनी बघा." याला नाही कोण म्हणेल? दुकानदार सांगतो म्हणून बियाणं आणणाऱ्या गावात कुणीतरी तुलना करून दाखवतोय, याचं मलाच अप्रूप वाटलं.

आता एकेक गोष्ट आठवते ती अशी. वावर बघायला तो आला तेव्हा सगळीकडून फिरला आणि बांधाकडचा तुकडा कंपनीच्या वाणाला निवडला. तिथे आमचा जुना उकिरडा होता. दहा वर्षं शेण पडलेली जमीन. आमच्या नेहमीच्या वाणाला, ज्याला ही मंडळी 'चेक' म्हणतात, मधला तुकडा मिळाला, मुरमाड अंगाचा. मी त्याला उकिरड्याचं बोललोसुद्धा. तो म्हणाला, "काही फरक पडत नाही काका, पाच गुंठ्यांचा तर प्रश्न आहे." चेकचं बियाणंही तोच घेऊन आला आणि ती पिशवी आधीच फोडलेली होती. आमच्या तुकड्यात नांग्या पडल्या, म्हणजे बी न उगवल्याने ओळींत मधेमधे जागा रिकाम्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या वाणाला तशा नांग्या मी पाहिल्या नव्हत्या. जुलैत अमेरिकन लष्करी अळी आली. २०१८ पासून ती आपल्याकडे आहे, त्यामुळे पोंगा, म्हणजे ताटाच्या शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, उघडून बघायची सवय झालीय. फवारणीचं औषध त्याने 'सॅम्पल' म्हणून आणलं होतं, ते नेमकं एका तुकड्याला पुरलं. कोणत्या ते सांगायची गरज नाही. दुसऱ्या तुकड्याला मी चार दिवसांनी स्वतःच्या पैशाने फवारणी केली.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. लपूनछपून काहीच नाही, हीच तर त्यातली खुबी.

पीक पाहणी ठेवली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला. मंडप, खुर्च्या, वडापाव, चहा. आसपासच्या चार गावांतून दीडशे माणूस. कंपनीच्या तुकड्यातला मका अजून हिरवागार, पानं टवटवीत, कणसं भरलेली. चेकची पानं वाळून खडखडीत. लोक बघूनच माना डोलवायला लागले. "दाण्याचा दाणा, चाऱ्याचा चारा," असं प्रतिनिधी म्हणाला आणि लोक हसले. हिरवा का आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. दोन्हींची पेरणी एकाच दिवशी, १८ जूनला. म्हणजे एक वाण शंभर दिवसांच्या आत पिकून मोकळं झालं होतं आणि दुसरं एकशे दहा दिवसांनीही कच्चं होतं. एवढाच त्या हिरवेपणाचा अर्थ. पण तिथे ते वैभव वाटत होतं.

मग मोजणी. दोन्ही तुकड्यांत दहा बाय दहा फुटांचा चौकोन दोरीने आखला, आतली कणसं तोडली, सोलली, तराजूवर टाकली. तराजू माझ्या हातात. कंपनीची १२ किलो, चेकची साडेनऊ. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या चौकोनातलं वजन ४३५ ने गुणायचं. एकाचे झाले ५२ क्विंटल, दुसऱ्याचे ४१. टाळ्या. फोटो. टी-शर्ट त्याच वेळी घातला.

लोक पांगल्यावर ती कणसं अंगणात तशीच दोन ढिगांत पडली होती. आईने ती गच्चीवर वेगवेगळी वाळत घातली. का वेगवेगळी, तर तिला ढीग मिसळलेले आवडत नाहीत, एवढंच. वाळल्यावर हाताने दाणे काढले आणि जुन्या अडिसरीने मापले. संध्याकाळी म्हणाली, "अरे, तुझ्या बारा किलोचे अन् साडेनऊ किलोचे दाणे सारखेच भरले की." वजन केलं तर दोन्ही सव्वासात किलोच्या आत-बाहेर. मी तिला म्हणालो, "आई, त्यातलं तुला नाही कळायचं." हे वाक्य मला अजून टोचतं.

पुढच्या मे महिन्यात बुकिंग सुरू झालं. दुकानात पिशवी २,१०० ला मिळेल, आत्ता घेतली तर १,८५० ला. आमचं जुनं वाण साडेतेराशेला मिळायचं. सोळा जणांनी मिळून ७६ पिशव्या घेतल्या. रोख पैसे, माझ्याच ओसरीवर. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर नाव आणि पिशव्यांचा आकडा. पक्कं बिल 'माल आल्यावर'. माल आला पण बिल आलं नाही. लोकांनी पैसे त्याच्या तोंडाकडे बघून दिले नव्हते, माझ्याकडे बघून दिले होते. चुलतभाऊ अण्णा तर म्हणाला, "तू मोजलंय ना? मग झालं." मला या सगळ्यात दोन पिशव्या फुकट मिळाल्या. तेही लिहून टाकतो, नाहीतर हा लेख अर्धवट राहील.

२०२३ चं साल तुम्हाला आठवत असेल. पाऊस उशिरा, पेरण्या जुलैत, आणि ऑगस्ट कोरडा ठणठणीत. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. मक्याला तुरा यायच्या वेळी पाण्याचा ताण बसला की कणीस टोकापर्यंत भरत नाही. सगळ्यांचीच मार खाल्लेली पिकं होती, जुन्या वाणाचीसुद्धा. त्यामुळे 'बियाण्यामुळे बुडालो' असं मी म्हणणार नाही, ते खरं ठरणार नाही. जुन्या वाणाला एकरी चौदा-पंधरा क्विंटल पडले, नव्याला अकरा-बारा. पण खरा दणका पुढे बसला. आमच्याकडे बऱ्याच वावरांत मका निघाला की मागे ज्वारी किंवा हरभरा पडतो. ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पडायला हवी. हा मका ऑक्टोबर संपत आला तरी वावर सोडेना. सोडला तेव्हा जमिनीत ओल नव्हती. सोळापैकी अकरा घरांची रब्बी गेली. दाणा गेला तो गेला, कडबाही गेला, आणि कडब्याचं दुःख गुरं असणाऱ्यालाच कळतं. वाण किती दिवसांचं आहे, हा आकडा त्या फ्लेक्सवर कुठेही नाही. पिशवीवरही बारीक अक्षरांत 'मध्यम ते उशिरा' एवढंच.

डिसेंबरात मी कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कणसं तोडली तेव्हा ओलावा किती होता?" मी गप्प. त्यांनी कागद ओढला. ओल्या कणसाचं वजन म्हणजे दाणा, मधलं दांडकं आणि पाणी. कच्च्या कणसात दाण्याचा वाटा शेकडा ७४-७५ धरा आणि त्या दाण्यात ३० टक्के पाणी. तुलना करायची ती १४ टक्के ओलाव्यावर आणून. म्हणजे १२ किलोतून ८.९ किलो दाणा, त्याला ७० ने गुणून ८६ ने भागा. ७.२ किलो. मी म्हणालो, "आमच्या आईने हेच माप काढलं होतं." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या आईचं बरोबर आहे. म्हणजे दोन्ही एकरी एकतीसच्या घरात."

मग त्यांनी माझ्या मोबाइलमधले पाहणीचे फोटो मागितले आणि बोटाने मोठे करून ओळी मोजल्या. आमच्या दोन ओळींत अडीच फूट अंतर. दहा फुटांच्या दोरीत चारच ओळी यायला हव्यात. चेकच्या चौकोनात चार होत्या. कंपनीच्या चौकोनात दोरी बरोबर ताटांच्या बुडाला टेकवून अशी ताणली होती की दोन्ही कडांच्या ओळी आत आल्या. एकूण पाच. एक ओळ फुकट, म्हणजे चारावर पंचवीस टक्के जास्त. ती वजा केली तर ३१ चे २५ राहतात. उकिरड्याची जमीन, वेळेवर फवारणी, ताजं बियाणं, एवढं सगळं मिळून २५. आणि हेही पक्कं मानू नका, कारण एका चौकोनावरून काहीच ठरत नाही, असं त्या वर म्हणाल्या.

विद्यापीठात वाणांची चाचणी कशी होते ते त्या दिवशी मी प्रथम नीट ऐकलं. प्रत्येक वाणाचे किमान तीन-चार तुकडे, कुठलं वाण कुठे हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे उकिरडा कुणा एकाच्याच वाट्याला जात नाही. कडेच्या ओळी मोजायच्याच नाहीत, कारण कडेच्या ताटाला ऊन आणि अन्न जास्त मिळतं. एकाच वर्षावर निकाल नाही, एकाच गावावरही नाही. ज्वारीचं तर आणखी वेगळं. भारी जमिनीत फुले वसुधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, हलकीत फुले अनुराधा अशी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणं दिलेली असताना, एका वावरात एकदा लावून 'हे सरस' म्हणायला काही अर्थ नाही. शिवाय दाण्याबरोबर कडब्याचंही वजन करायचं आणि खडखड्या रोगाने किती ताटं लोळली तीही मोजायची.

कडब्यावरून आठवलं. त्याच प्रतिनिधीने २०२२ च्या रब्बीत आईपुढे ज्वारीच्या संकरित वाणाची पुडी ठेवली होती. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना 'हायब्रीड' म्हटलं की खरिपाची ज्वारीच आठवते. देशात संकरित ज्वारी १९६४ पासून आली, तिने पोटं भरली हे आई मान्य करते, पण पावसात सापडून काळ्या पडलेल्या कणसांची भाकरीही तिने खाल्लेली आहे. तिने पुडी हातात घेतली नाही. म्हणाली, "कडबा किती होतो ते लिहिलंय का यावर?" लिहिलेलं नव्हतं. तिच्या दोन एकरांत नेहमीची मालदांडी ज्वारीच पडली. बाईमाणसाचा हट्ट म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

तक्रारीचं काय झालं, ते थोडक्यात. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला की तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. पण पीक उभं असताना अर्ज द्यावा लागतो, आणि आम्ही दिला कणसं घरात आल्यावर. बिल नाही, म्हणजे आम्ही हे बियाणं विकत घेतलं याचाच पुरावा नाही. पिशवीला लावलेले टॅग फक्त दोघांकडे सापडले, तेही हिरवे. निळा टॅग असेल तर बीज प्रमाणीकरण यंत्रणेने बियाणं तपासलेलं असतं. हिरवा असेल तर कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेलं. हिरवा टॅग म्हणजे बोगस असं नव्हे, बाजारातला बराच संकरित माल तसाच असतो, पण तेवढी खात्री कमी. ग्राहक आयोगाचा, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचा, रस्ता आहे. शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो तिथे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. वकिलाने मात्र आम्हाला पहिलाच प्रश्न बिलाचा विचारला. प्रतिनिधीचा नंबर तेव्हापासून बंद आहे. कंपनी म्हणते तो आमच्याकडे नोकरीला नव्हता, वितरकाचा माणूस होता. वितरक म्हणतो तो कंपनीचा.

तेव्हा कुणी तुमच्या वावरात असा प्लॉट टाकायला आला तर टाकू द्या, माझी ना नाही. पण तुकडे चिठ्ठीने ठरवा, चेकचं बियाणं स्वतः विकत आणा, औषध दोन्हीला एका दिवशी मारा. मोजणीच्या दिवशी दोरीच्या आतल्या ओळी मोठ्याने मोजा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. कणसांच्या वजनावर टाळी वाजवू नका. वाळवून, दाणे काढून पुन्हा वजन करा आणि आकडा त्यानंतर बोर्डावर लिहू द्या. किती दिवसांचं वाण आहे ते लेखी मागा. पैसे द्यायचे ते परवानाधारक दुकानातच, लॉट नंबर लिहिलेल्या पक्क्या बिलावर. पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं मळणी होईपर्यंत जपून ठेवा. आणि फोटो काढून घ्यायच्या आधी खाली काय छापणार ते वाचा.

यंदा मी चार वाणं लावलीत, प्रत्येकाचे तीन तुकडे. चिठ्ठ्या पुतणीने उचलल्या. खुंट्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे, आणि कुठला आकडा कुणाचा ते आईच्या ट्रंकेतल्या वहीत आहे. अण्णा दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. परवा तो बांधावर येऊन उभा राहिला, बराच वेळ खुंट्या बघत. जाताना एवढंच विचारलं, "ओलावा मापायचं यंत्र कुठून आणणार आहेस?"