गाडीचा टॅक्स आणि इन्शुरन्स एकदमच आले: दरमहा भरावे की वर्षाचे एकरकमी?

ब्रिटनमध्ये सेकंडहँड गाडी घेतलेल्या आपल्या बहुतेक मंडळींच्या टॅक्स आणि इन्शुरन्सच्या तारखा पाठोपाठ येतात. हा योगायोग नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये काचेवर लावायची टॅक्सची कागदी चकती बंद झाली आणि त्याच वेळी गाडीबरोबर तिचा टॅक्स नव्या मालकाकडे जाणंही बंद झालं. त्यामुळे गाडी घरी आणायच्या दिवशीच टॅक्स आणि इन्शुरन्स दोन्ही घ्यावे लागतात. त्यातही टॅक्स महिन्याच्या एक तारखेपासून धरतात. म्हणजे 20 मार्चला गाडी घेतली तर टॅक्स 1 मार्चपासून सुरू होऊन पुढच्या फेब्रुवारीअखेर संपतो, आणि इन्शुरन्स 19 मार्चला. (विकणाऱ्याला परतावा फक्त शिल्लक पूर्ण महिन्यांचा मिळतो, त्यामुळे मार्च त्यानेही भरलेला असतो आणि तुम्हीही. एकाच गाडीचा एकच महिना दोघांकडून वसूल! असो.)

तर दरवर्षी तीनेक आठवड्यांच्या आत दोन बिलं येतात आणि दोन्हीकडे एकच प्रश्न असतो: वर्षाचे एकदम भरायचे की डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप, दरमहा? मी दोन्ही बिलं दोन्ही पद्धतींनी भरून पाहिली आहेत. बहुतेक जण जे ठरवतात ते दोन्ही बिलांना सारखंच लावतात. हातात पैसे असले की सगळं एकदम, नसले की सगळं दरमहा. मला तिथेच जरा थांबावंसं वाटतं.

आधी पैशांचा हिशेब, कारण तो सोपा आहे. एप्रिल 2017 नंतर नोंदलेल्या साध्या गाडीला 2025-26 चा टॅक्स 195 पाउंड. दरमहा भरला तर पाच टक्के अधिभार लागून वर्षाचे 204 पाउंड 75 पेन्स होतात. पावणेदहा पाउंडांचा फरक. कार्डाने सहा-सहा महिन्यांचा भरला तर मात्र एका वेळचे 107 पाउंड 25 पेन्स, म्हणजे अधिभार दहा टक्के. तो पर्याय कुणासाठी ठेवलाय कोण जाणे. इन्शुरन्सच्या हप्त्यांचं गणित वेगळं आहे. तिथे रीतसर व्याज असतं आणि वीस टक्क्यांच्या पुढचा दर सर्रास दिसतो. समजा 900 पाउंडांचा प्रीमियम असेल, तर हप्त्यांपायी सत्तर-ऐंशी पाउंड सहज जादा जातात. इथे नवीन आलेल्यांचा प्रीमियम नऊशेवर थांबला तर नशीबच म्हणायचं.

पण माझा निर्णय या आकड्यांनी झाला नाही. गाडी वर्षाच्या मध्येच बदलावी लागली, तेव्हा झाला.

दोन्ही बिलं त्या वर्षी दरमहा चालू होती. घरात बाळाची गाडी, कार सीट, सायकल असा पसारा वाढला आणि छोटी हॅचबॅक विकून मोठी गाडी घ्यायची ठरली. टॅक्सचं काम सोफ्यावर बसून झालं. जुन्या गाडीच्या लॉगबुकवरचा (म्हणजे इथल्या आरसी बुकवरचा) अकरा आकडी क्रमांक घालून गाडी विकल्याचं ऑनलाइन कळवलं, तिचं डायरेक्ट डेबिट आपोआप बंद झालं. नव्या गाडीबरोबर मिळालेल्या हिरव्या चिठ्ठीवरचा बारा आकडी क्रमांक घालून नवं डायरेक्ट डेबिट सुरू केलं. कुणाशी बोलावं लागलं नाही, कुणी कारण विचारलं नाही.

इन्शुरन्सवाल्यांना मात्र फोन करावा लागला. त्यांच्या वेबसाइटवर पत्ता बदलता येत होता, गाडी बदलता येत नव्हती. आधी त्यांचं संगीत ऐकलं. मग नव्या गाडीचा फरक किती तो कळला, त्यावर 'बदल शुल्क' कळलं, आणि मग कळलं की हप्ते चालू असल्यामुळे कर्जाचा करार पुन्हा करावा लागेल. कारण हप्ते म्हणजे कर्ज. वर्षाचा पूर्ण प्रीमियम फायनान्सवाला आधी भरून मोकळा होतो आणि आपण त्याला व्याजासकट फेडत बसतो. रक्कम बदलली की नवा करार, नवी सही, नवे हप्ते. ते सगळं झालं, तर त्या महिन्याचा हप्ता जुन्याच रकमेने बँकेकडे गेला होता. 'सिस्टिममधून आधीच निघाला होता, पुढच्या महिन्यात जुळवून घेऊ' असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात जुळलं नाही. पुन्हा फोन, पुन्हा संगीत, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून कहाणी. रक्कम तशी किरकोळच होती, पण दर महिन्याला बँकेचं पान उघडून किती गेले ते ताडून बघायची सवय लागली. हप्ते घ्यायचे ते डोक्याला ताप नको म्हणून, आणि इथे तोच मागे लागला.

आता हे खरं, की बदल शुल्क वर्षाचा प्रीमियम एकदम भरणाऱ्यालाही लागतं. फोनही त्याला करावा लागतो. पण त्याचं प्रकरण एका फोनमध्ये मिटतं: फरक एवढा, कार्ड द्या, झालं. सगळ्याच कंपन्या अशा असतील असं मला म्हणायचं नाही. काहींच्या अ‍ॅपवर गाडी दोन मिनिटांत बदलते असं ओळखीचे लोक सांगतात.

थोडक्यात, टॅक्सचा हप्ता म्हणजे चालू महिन्याचं भाडं, खोली सोडली की विषय संपला. इन्शुरन्सचा हप्ता म्हणजे कर्जफेड. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे फरक ओळीने दिसू लागतात.

प्रोजेक्ट संपला आणि पुण्याला परत जायचं ठरलं, असं धरा. टॅक्स दरमहा असेल तर गाडी विकल्याचं कळवलं की डायरेक्ट डेबिट थांबतं. वर्षाचा भरला असेल तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा मिळतो खरा, पण माझ्या वेळी तो चेकने आला होता, लॉगबुकवरच्या नावावर आणि पत्त्यावर. घर सोडून, बँकेचं खातं बंद करून विमानात बसलेल्या माणसाने त्या चेकचं काय करायचं? इन्शुरन्स मध्येच रद्द केला तर दोन्ही पद्धतींत रद्द करण्याचं शुल्क जातं, आणि त्या अपुऱ्या वर्षाचा नो क्लेम बोनसही मिळत नाही, तो पूर्ण वर्षालाच मिळतो. हप्ते असतील तर वर फायनान्सवाल्याचा हिशेब मिटवायचा. आणि त्या वर्षी क्लेम झालेला असेल तर उरलेला सगळा प्रीमियम मागतात.

हप्ता चुकला तर? टॅक्सच्या बाबतीत डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी आणि टॅक्स बघणारी सरकारी संस्था, पुन्हा एकदा प्रयत्न करते. तोही फसला तर डायरेक्ट डेबिट रद्द, गाडी टॅक्सविना, आणि लक्ष गेलं नाही तर 80 पाउंडांचा दंड. वाईट, पण निभावण्यासारखं. इन्शुरन्सचा हप्ता चुकला आणि त्यांच्या पत्राकडे दुर्लक्ष झालं तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. मग पुढच्या प्रत्येक अर्जात 'तुमचा इन्शुरन्स कुणी रद्द केला होता का' या प्रश्नाला हो म्हणावं लागतं. तशा गाडीत पोलिसांनी पकडलं तर 300 पाउंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट. इथलं लायसन्स नवं असेल, म्हणजे टेस्ट पास होऊन दोन वर्षं झाली नसतील, तर सहा पॉइंटांना ते रद्दच होतं आणि पुन्हा एल लावून सुरुवात. आपल्याकडचं लायसन्स इथे 12 महिनेच चालतं, त्यामुळे आपल्यातले बरेच जण नेमके याच दोन वर्षांत असतात.

एकरकमी इन्शुरन्सविरुद्ध सगळ्यात खरा मुद्दा म्हणजे पैसा. नवीन आलेल्या माणसाने घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, फर्निचर हे सगळं नुकतंच भरलेलं असतं. त्याला हजार-बाराशे पाउंड एकदम काढ म्हणणं सोपं नाही. बिनव्याजी क्रेडिट कार्डावर भर असा सल्ला जुने लोक देतात, पण क्रेडिट हिस्टरी तयार व्हायच्या आधी ते कार्ड मिळतंय कुठे? त्याने पहिलं वर्ष हप्त्यांनी काढावं, त्यात काही गैर नाही. फक्त त्या वर्षात गाडी बदलायची नाही आणि तेवढे पैसे खात्यात राहतील हे बघायचं. दुसऱ्या वर्षी नो क्लेम लागला की प्रीमियम बहुधा खाली येतो, तेव्हा एकदम भरायला घ्यावा.

टॅक्स दरमहा भरण्याविरुद्धही एक मुद्दा आहे. डायरेक्ट डेबिट वर्ष संपलं की आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून नेहमीचं आठवणपत्र येत नाही. पैसे कधी जातील ते सांगणारी ईमेल किंवा पत्र येतं. ते न वाचता सवयीने कार्डाने पुन्हा टॅक्स भरला तर दुप्पट पैसे जातात. आणि एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, संपलेली असेल तर हे आपोआपपण थांबतं: टॅक्स संपायच्या आत गाडी पास झाली तर ठीक, नाहीतर टॅक्स पुन्हा नव्याने भरायचा. एमओटीची तारीख टॅक्सच्या आसपास असेल तर ती महिनाभर आधी उरकून घेतलेली बरी. 2017 च्या आधीची, वीस-पस्तीस पाउंडांच्या पट्ट्यातली गाडी असेल तर हा सगळा विचार सोडून एकदम भरून टाका.

दोन्ही बिलं समोर असताना आधी काय करावं, हे मला अनेकांनी विचारलंय. महाराष्ट्रात खासगी गाडीचा टॅक्स नवी घेतानाच एकरकमी भरलेला असतो, त्यामुळे दरवर्षीचा टॅक्सच आपल्याला नवा, आणि आरटीओच्या सवयीने इन्शुरन्सची पीडीएफ हाताशी ठेवून लोक ऑनलाइन टॅक्स भरायला बसतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये ती कुणी मागत नाही. तरी मी आधी इन्शुरन्सच बघतो. संपायच्या तीनेक आठवडे आधी घेतलेले भाव शेवटच्या दिवसांपेक्षा कमी असतात असा माझा अनुभव आहे, आणि वर सांगितलेल्या तारखांच्या हिशेबाने तो काळ नेमका टॅक्स संपण्याच्या आसपास पडतो. जुन्या कंपनीचा नूतनीकरणाचा भाव आला की लगेच दुसरीकडचे भाव काढायचे. जानेवारी 2022 पासून जुन्या ग्राहकाला नव्या ग्राहकापेक्षा जास्त भाव लावायला बंदी आहे, पण ती त्याच कंपनीपुरती. शेजारची कंपनी स्वस्त असू शकतेच. दुसरीकडे जायचं ठरलं तर जुन्या पॉलिसीचं आपोआप नूतनीकरण बंद करायला विसरू नका, नाहीतर एका गाडीचे दोन इन्शुरन्स होतात आणि पुन्हा तेच संगीत.

माझ्याकडे सध्या टॅक्स दरमहा आहे, महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सतरा पाउंड जातात आणि त्याकडे मी बघतही नाही. इन्शुरन्स वर्षाचा एकदम, क्रेडिट कार्डाने. ज्यांना एकाच गाडीत दहा वर्षं काढायची आहेत, स्वतःचं घर आहे, त्यांनी टॅक्सचे पावणेदहा पाउंड का सोडावेत, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे फारसं उत्तर नाही. त्यांनी दोन्ही एकदम भरावेत. आणि 'तुमच्या टॅक्सचा हप्ता फसला, इथे क्लिक करा' असा एसएमएस आला तर तो सरळ डिलीट करा.