आठ महिने घरीच वात बदलतोय : अ‍ॅटोमायझरच्या कापसाचा अनुभव

मी ई-सिगारेट ओढतो. तिच्या अ‍ॅटोमायझरमध्ये, म्हणजे लिक्विडची वाफ करणाऱ्या भागात, तापणाऱ्या तारेतून कापसाची वात जाते. ती मी आता घरीच बदलतो. सुरुवात चिडचिडीतून झाली. तेव्हा मी रेडीमेड कॉइल हेड वापरायचो, म्हणजे आत तारेचं वेटोळं (कॉइल) आणि कापूस कारखान्यातूनच भरून आलेली छोटी डबी. आठ-दहा दिवस बरे जायचे, मग एक दिवस ओढताना करपट चव यायची, घसा खरवडून निघायचा आणि हेड कचऱ्यात. एकदा नवं हेड लावलं आणि ते दुसऱ्याच दिवशी करपलं. त्या रात्री पक्कड घेऊन ते उघडलंच. आतली तार ठणठणीत होती. कापसाचा मधला भाग, जिथे तार त्याला वेढून असते, तेवढाच काळा पडला होता. दोन्ही टोकं पांढरी! चिमूटभर कापसापायी मी अख्खं हेड फेकत होतो.

म्हणून आधी त्या हेडमध्येच नवा कापूस घालून पाहिला. हा उद्योग कुणी करू नये असं माझं मत आहे. खालची पिन ओढून काढायची, तिच्याभोवतीचं मुगाएवढं रबर हरवू द्यायचं नाही, तारेचे केसाएवढे पाय परत त्या रबराच्या दोन बाजूंना बसवायचे. एक पाय आतल्या पिनला टेकला पाहिजे, दुसरा बाहेरच्या भिंतीला, आणि दोघांची गाठ कुठेही पडता कामा नये. तीन हेडं केली, त्यातल्या दोनमध्ये शॉर्ट. तिसरं चाललं, पण गळत गळत. मग मुकाट्याने उघडता येणारा, आपण कॉइल बसवायची असा टँक, म्हणजे लिक्विडची टाकी असलेला अ‍ॅटोमायझर घेतला. एका कॉइलचा, दोन पोस्टचा, म्हणजे तारेचे पाय स्क्रूने आवळायच्या दोन खांबांचा. नवख्याने दोन कॉइलच्या नादी लागू नये.

आता कापसाविषयी. पहिले दोन महिने मी ब्रँडच बदलत बसलो. ब्लीच न केलेला सेंद्रिय कापूस, चौकोनी घड्यांचा जपानी कापूस, बुटाच्या नाडीसारखे एका टोकाला प्लास्टिकचं टोपण असलेले तयार तुकडे, सगळं झालं. फरक आहे, नाही असं नाही. काही कापूस पहिल्या दिवशी चवीला लागतो, काही लागत नाही. पण माझ्या करपण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मी कापूस जास्त भरत होतो, एवढंच. ‘जास्त कापूस म्हणजे जास्त लिक्विड धरणार’ असं डोक्यात बसलं होतं. खरं तर वात म्हणजे तंतूंमधल्या बारीक फटींतून द्रव वर चढण्याची वाट. फटी दाबून टाकल्या की वाट बंद. लिक्विड बाजूला भरलेलं असतं आणि तारेपाशी कोरडं.

कॉइलमध्ये कापूस किती घट्ट हवा याची माझी कसोटी अशी: टोक पीळ देऊन आत घालायचं, दुसरीकडून ओढायचं. सरकताना जाणवलं पाहिजे, पण कॉइल हलता किंवा वाकडी होता कामा नये. कॉइल कापसाबरोबर ओढली गेली तर कापूस जास्त. नुसताच सुळकन निघून आला तर कमी, आणि तेव्हा कापूस न टेकलेली तार लाल होऊन तिथेच करपणार. मी 3 मिलिमीटर आतल्या व्यासाची कॉइल वापरतो, 26 गेजच्या तारेची. 2.5 मिलिमीटरवरही करून पाहिलं, पण माझ्या बोटांना 3 सोपी जाते.

पण हे अर्धंच. उरलेलं सगळं शेपट्यांमध्ये आहे, आणि हे कळायला मला तीन महिने लागले. कॉइलबाहेर दोन्ही बाजूंना जो कापूस लोंबतो, तो डेकच्या, म्हणजे कॉइल बसवायच्या तबकडीच्या, कडेला कापायचा आणि खाली लिक्विडच्या खाचांमध्ये सोडायचा. मी तो आहे तसा जाड कोंबायचो. आता सुईने विंचरतो. खरोखर विंचरतो, केसांचा गुंता सोडवतात तसा, टोकाकडून सुरू करून कॉइलकडे. पहिल्यांदा केलं तेव्हा जवळजवळ निम्मा कापूस सुईबरोबर बाहेर आला आणि ‘आता हे गळणार’ म्हणून मी टँकखाली कागद पसरून बसलो. थेंबही गळला नाही. शेपटीने खाच नुसती झाकायची असते, बुजवायची नसते. उघडी राहिली तर गळती, ठासली तर करपणं. त्या दिवसापासून कोरडे, करपट झुरके जवळपास संपले.

कापून झालं की दोन-तीन थेंब कॉइलवर, दोन-दोन थेंब शेपट्यांवर, कापूस पारदर्शक दिसेपर्यंत. मग टँक भरून पाच-दहा मिनिटं थांबायचं. ही पाच मिनिटं मी एकदा खाल्ली होती. पहिल्याच झुरक्यात जे काही घशात गेलं, त्याने डोळ्यांत पाणी आलं. कोरडा कापूस जळण्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. आणि हे नुसतं चवीपुरतं नाही. लिक्विडमधलं ग्लिसरीन प्रमाणाबाहेर तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलीन तयार होतं, ते घसा-डोळे झोंबवणारं विषारी रसायन आहे. चव करपट लागली तर ‘अजून चार झुरके बघू’ करायचं नाही. तिथेच थांबायचं.

लिक्विडवरही बरंच अवलंबून. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ, ग्लिसरीन घट्ट. त्यामुळे ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड वातीत सावकाश चढतं. लागोपाठ ओढायची सवय असेल तर वात मागे पडते. मी दोन झुरक्यांमध्ये थोडा दम घेतो, दुसरा इलाज नाही. मात्र वात लवकर मरण्याचं सगळ्यात मोठं कारण गोडवा. सुक्रालोज घातलेलं गोड लिक्विड वापरत होतो तेव्हा चौथ्या दिवशी तारेवर डांबरासारखा थर. त्याच कॉइलवर, त्याच कापसावर बिनगोड लिक्विड घातलं तर नऊ-दहा दिवस. चव गेली म्हणून लोक वॉट वाढवतात, मीही वाढवले. थर आणखी जाड होतो, बाकी काही नाही.

कापूस बदलताना तार फेकायची गरज नसते. जुना कापूस चिमट्याने काढायचा, मग कमी वॉटवर थोडं थोडं तापवून थर जाळायचा, तार थंड झाली की पाण्याखाली धरून मऊ ब्रशने घासायची, नीट वाळवायची. तापताना कॉइल मधून बाहेरच्या बाजूला एकसारखी लाल झाली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलके दाबायचे. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. हे असं कोरडं लाल तापवणं कांथलला चालतं, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला. निकेल किंवा टायटॅनियमच्या तारेला ते करायचं नाही. टँकबरोबर आलेल्या सुट्या तारा कोणत्या आहेत हे पाकिटावर लिहिलेलं नसेल तर मी वापरतच नाही. आणि कापूस आत असताना कधीही कोरडं तापवायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

फजित्याही झाल्या. एकदा स्क्रू नीट आवळला नव्हता, डिव्हाइसवर ओहमचा आकडा 0.5 वरून 0.8, परत 0.5, असा नाचत होता आणि मी डिव्हाइसला दोष देत बसलो. एकदा तारेचं कापलेलं टोक पोस्टच्या बाहेर अर्धा मिलिमीटर राहिलं आणि टोपीला टेकलं. नशीब, डिव्हाइसने शॉर्ट दाखवून स्वतःच बंद केलं. ज्या साध्या नळीच्या डिव्हाइसमध्ये अशी सोय नसते तिथे हा प्रकार बॅटरीवर बेततो. पूर्ण चार्ज झालेली लिथियम-आयन बॅटरी 4.2 व्होल्ट देते. अर्ध्या ओहमच्या कॉइलमधून तिथे सरळ 8.4 अँपिअर वाहतात. शॉर्ट झालं तर किती, याचा विचारही नको. कॉइल नवी बसवली की आधी ओहम बघणं, मगच कापूस, हा माझा नियम त्या दिवसापासूनचा. बॅटरीचं वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलेलं असेल तर तीही बाजूला.

गळतीचं म्हणाल तर आठ महिन्यांत तीनदा. तिन्ही वेळा चूक माझी, त्यातली एक तर टँकचं वरचं झाकण उघडं ठेवून हवेची खिडकी बंद न केल्याची. हाताला लिक्विड लागलं तर लगेच धुवायचं, निकोटीन कातडीतूनही आत जातं. लहान मूल किंवा प्राणी घरात असतील तर हा सगळा पसारा उघड्यावर मांडून उठून जायचं नाही.

घ्यावं का? रोज वापरणारा असाल, हात स्थिर असेल आणि पंधरा मिनिटं बसायची तयारी असेल तर हो. चवीत फरक पडतो, आणि महत्त्वाचं म्हणजे बिघडलं तर का बिघडलं ते दिसतं. महिन्यातून दोनदा ओढणाऱ्याने रेडीमेड हेडच वापरावं, कापूस भरून ठेवून तो तसाच वाळवत ठेवण्यात अर्थ नाही. आणि जो ओढतच नाही, त्याने हे वाचून सुरुवात करू नये. निकोटीनची सवय कापसासारखी बदलता येत नाही, माझी अजून सुटलेली नाही.

सध्याची कॉइल तिसऱ्या महिन्यात आहे, तिच्यातली ही बहुतेक अकरावी वात. काचेतून पाहिलं तर शेपट्या चहासारख्या तपकिरी झाल्यात. चव अजून ठीक आहे, पण कालपासून पहिल्या झुरक्याला किंचित फिकी लागते. सुई आणि कात्री काढून ठेवली आहे, रात्री बदलतो.