दार्जिलिंगला राहायचं तर विंडामेअर, दोन रात्री तरी

कोणी दार्जिलिंगला निघालं की मी एकच सांगते, विंडामेअर हॉटेलात दोन रात्री तरी राहा. महाग आहे, पण बाकीचे दिवस साध्या लॉजवर काढा हवं तर.

आम्ही नोव्हेंबरात गेलो, मी, नवरा आणि सासूबाई. न्यू जलपायगुडीहून आणलेल्या जीपवाल्याने खालीच स्टँडवर उतरवलं, पुढे येतच नाही म्हणाला, मग बॅगा घेऊन चौरस्ता आणि त्यापुढे ऑब्झर्व्हेटरी हिलचा चढ, आईंचे गुडघे पार बोलायला लागले. वयस्कर कोणी बरोबर असेल तर गाडीवाल्याशी आधीच नीट बोलून घ्या.

पण खोलीत शिरलो आणि सगळा शीण गेला, शेगडीत कोळसा पेटवून ठेवलेला, खोली उबदार. रात्री आई पांघरुणात शिरल्या आणि ओरडल्याच, "अगं बाई, पायाशी काय आहे गं हे?" तर कव्हर घातलेली गरम पाण्याची पिशवी! कोणीतरी आधीच येऊन हळूच ठेवून गेलेलं. मग त्या रात्रभर पिशवी पायाशी घेऊन इतक्या गाढ झोपल्या की सकाळी उठवावं लागलं.

ही जागा मुळात हॉटेल नव्हतीच. 1880 च्या दशकात चहाच्या मळ्यांवरच्या इंग्रज-स्कॉटिश साहेबांसाठी बांधलेलं बोर्डिंग हाऊस, लग्न न झालेली ही मंडळी मळ्यावर एकटीच राहायची, गावात आली की मुक्काम इथे. 1939 मध्ये त्याचं हॉटेल झालं आणि ते चालवणारं घर म्हणजे तेंदुफ-ला कुटुंब. माथेरान-महाबळेश्वरला साहेबांचे बंगले आपण बघतोच की, पण कितीतरी ठिकाणी नुसती पाटी जुनी असते. इथे घरातल्या माणसांनी सांभाळलेलं पावलोपावली जाणवतं, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

आणि लाउंजची गोष्ट तर ऐकाच. 1959 मध्ये होप कुक नावाची 19 वर्षांची अमेरिकन कॉलेजकन्या इथे उतरली होती, तिची आणि सिक्कीमच्या युवराजांची, पाल्देन थोंडुप नामग्याल यांची, भेट इथेच झाली. ते विधुर, तीन मुलांचे वडील. 1963 मध्ये गंगटोकला लग्न झालं, पुढे ती सिक्कीमची राणी झाली, आणि 1975 मध्ये सिक्कीम भारतात आल्यावर तिथली राजेशाहीच राहिली नाही. दार्जिलिंगसुद्धा मूळचं सिक्कीमचंच, 1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला दिलेलं. दुपारच्या चहाला तिथे बसून मी हे आईंना सांगत होते आणि त्यांचा स्कोन हातातच राहिला, म्हणाल्या, "पोरीच्या आईला काय वाटलं असेल गं?"

सकाळी लवकर उठून मागच्या टेकडीवर महाकाल मंदिरात नक्की जा, भटजी आणि लामा एकाच ठिकाणी पूजा करतात. उतरताना टेकडीला वळसा घालणाऱ्या रस्त्याने या, ढग नसतील तर कांचनजंगा अख्खी दिसते, आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसली.